सूत्र पाठ आहे, तरी उत्तर चुकतं
कुणीतरी लिहिलंय की मुलाला विद्युतप्रभाराचं सूत्र (प्रभार = धारा गुणिले वेळ) तोंडपाठ आहे, तरी ०.४ अँपिअर विद्युतधारा ५ मिनिटं वाहिली तर प्रभार किती, याचं उत्तर त्यानं २ कूलोम काढलं. सूत्राचा त्रिकोण घोकून हे सुटणार नाही, घोळ एककांत आहे. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम. म्हणून ५ मिनिटांचे आधी ३०० सेकंद करायचे, मग ०.४ गुणिले ३००, म्हणजे १२० कूलोम. मिलिअँपिअर दिलं असेल तर आधी हजारानं भागायचं. बास.

खरी गंमत इलेक्ट्रॉन मोजताना येते. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम. एकूण प्रभाराला यानं भागलं की इलेक्ट्रॉनची संख्या मिळते. छेदातला उणे घात वर आणताना अधिक होतो, आणि मुलं नेमकं तिथंच उणे तसंच ठेवतात. मग १२० कूलोमसाठी उत्तर येतं अख्ख्या एका इलेक्ट्रॉनपेक्षाही कमी! ते बघून हसू आलं पाहिजे. बरोबर उत्तर ७.५ गुणिले १० चा २० वा घात.

सरावाला मोबाइलची बॅटरी घ्या. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास, गुणिले ३६००, झाले १८००० कूलोम. आता विचारा, अर्धा अँपिअर धारा घेतली तर किती वेळ पुरेल? ३६००० सेकंद, म्हणजे १० तास. (प्रत्यक्षात थोडी कमीच पुरते, ते सोडा.) माझ्या भाचीला पुस्तकातल्या दहा गणितांपेक्षा हे एक जास्त पटलं.