डोंगरवस्तीवरच्या घरभेटी : तुमचे अनुभव लिहा

दसरा झाला, भातं कापणीला आली की कोल्हापुरातल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते : यंदा वर कोण कोण येणार? वर म्हणजे गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी. जिथं डांबरी संपते आणि चालणं सुरू होतं तो सगळा पट्टा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. त्यामुळे जून ते सप्टेंबर तिकडं कुणी फिरकत नाही आणि सगळ्या भेटी हिवाळ्यात येतात.

रीत जुनी आहे. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. अमेरिकन मिशनच्या काळात थंडीत तंबू घेऊन खेडोपाडी फिरणं हा कामाचाच भाग होता. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं १८८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीत त्याचा मोठा हात होता. आता तंबू गेले, बोलेरो आली. आणि जाणारे पाहुणेही साता समुद्रापलीकडचे नाहीत, शाहूपुरी नि कसबा बावड्यातले आपलेच आहेत.

या धाग्यावर अनुभव लिहा, अहवाल नको. 'प्रभूच्या कृपेने दौरा यशस्वीरीत्या पार पडला' हे वाक्य वार्षिक सभेसाठी राखून ठेवा. ख्रिस्ती नसाल आणि तुमच्या दारात अशी मंडळी आली असतील तर तुम्ही तर जरूर लिहा. गावांची, माणसांची नावं टाळा. डोंगरात गाव सांगितलं की घर कळतं.

वडापवाला

आपली गाडी एरवी वडापला असते. घरभेटीच्या मोसमात मंडळी भाड्यानं घेतात. मी स्वतः चर्चमध्ये नाताळाला आणि ईस्टरला, तेवढाच. पण वरच्या वाटा पाळकसाहेबांपेक्षा मला जास्त ठाऊक.

शहरातली पोरं आरामात आवरून निघतात आणि भर दुपारी वाडीवर पोचतात. त्या वेळी घरात म्हातारं माणूस आणि कोंबड्या. बाकी सगळे रानात नाहीतर गुरांमागं. मग म्हाताऱ्या माणसापुढं चार गाणी म्हणायची, फोटो काढायचा आणि पुढचं घर. ह्याला भेट म्हणायची का? वस्तीची एसटी संध्याकाळी वर जाते, सकाळी खाली येते. माणसं त्याच हिशेबानं घरात सापडतात. मी सांगतो, दुपार कलल्यावर निघा आणि रात्री तिथंच टेका.

दाजीपूरच्या अंगाला अंधार पडला की गवा रस्त्यात येतो. १९५८ पासून ते जंगल गव्यांसाठी राखलंय, म्हणजे रस्ता त्याचा, पाव्हणं आपण. हॉर्न मारायचा नाही, खाली उतरायचं नाही, लाईट डीम करून थांबायचं. एकदा मागं बसलेल्यांनी घाबरून मोठ्यानं गाणं सुरू केलं. म्हटलं, तो बाजूला होईपर्यंत स्तुती मनात करा.

निवृत्त सिस्टर

मी मिरजेला शिकले. तिथं डॉक्टर वॉनलेस यांचं नाव भिंतींनाही पाठ होतं. कॅनडात जन्मलेला हा माणूस १८८९ साली भारतात आला आणि मिरजेचं हॉस्पिटल त्यांनी उभं केलं. त्या शिकवणीतला एक भाग अंगात मुरलाय : आधी माणूस तपासायचा, मग बोलायचं.

माझ्या पिशवीत बीपीचं मशीन, साखर बघायच्या पट्ट्या आणि वही असते. गोळ्या मी नेत नाही. यावरून आमच्या महिला मंडळात चांगलीच जुंपली होती. 'रिकाम्या हातानं कसं जायचं?' असं सगळ्यांचं म्हणणं. पण बीपीची गोळी महिनाभराची देऊन आपण खाली उतरलो, की ती संपल्यावर बाई थांबवते. बरं वाटतंय म्हणजे बरी झाले, असा तिचा समज. त्यापेक्षा मी त्या भागातल्या आशाताईंना आधी फोन करते, त्यांच्याबरोबर घरोघर जाते आणि वहीतले आकडे त्यांच्या हवाली करते. आपण वर्षातून एकदा जाणार, त्या बारा महिने तिथंच आहेत.

एका घरी सून अगदी पांढरीफटक. खालची पापणी ओढून बघितली, आत रंगच नाही. 'लोहाच्या गोळ्या मिळतात का?' 'मिळत्यात की. रोज खातो मी.' तिनं वाशाला टांगलेली पिशवी काढली, खरंच गोळ्या चालू होत्या. मग खातेस कशी ते दाखव म्हटलं. तिनं गोळी तोंडात टाकली आणि चुलीवरचा कोरा चहा घोटभर प्याली. चहासोबत घेतलेलं लोह अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परसात लिंबाचं झाड होतं. म्हटलं, चहा तासा-दोन तासांनी पी, गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. सासू लगेच म्हणाली, 'ऱ्हाऊ दे तिचा चहा, माझा बंद करू नका म्हणजे झालं.' हसलो सगळ्या. निघताना सूनच म्हणाली, 'प्रार्थना करणार नव्हं?' केली. दोन मिनिटांची.

आणखी एक. साप चावल्यावर काय करायचं हे प्रत्येक वाडीवर सांगते. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, किती वाजता चावला ते लक्षात ठेवायचं आणि तडक ग्रामीण रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर लस एकच, त्यामुळे साप मारून बरोबर आणायच्या भानगडीत वेळ घालवू नका. पण रात्री गाडी कोण काढणार, हा खरा प्रश्न. म्हणून दाराच्या आत भिंतीवर कोळशानं एका गाडीवाल्याचा नंबर लिहून घेते, मोठ्या आकड्यांत. पुढच्या वर्षी गेल्यावर आधी ती भिंत बघते. सारवताना पुसला असेल तर परत लिहायचा.

वाड्यावरचा

मी ख्रिस्ती नाही. आमचा धनगरवाडा आहे, खालच्या गावापासून दीड-दोन तासाची चढण. आमच्याकडं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतं. ट्रेकवाले, शिबिरवाले, इलेक्शनवाले. जुने कपडे तर इतके येतात की त्यातल्या जीन्सचा आम्ही कोकरांना आडोसा केलाय. वर्षानुवर्षं मापाचं एकही निघालं नाही.

चर्चची मंडळी आली तेव्हा आई थेट म्हणाली, 'आमचा देव राईत बसलाय, तो सोडायचा नाही.' त्यांच्यातले काका म्हणाले, सोडू नका, आम्ही बसायला आलोय. त्यांनी परवानगी मागूनच प्रार्थना केली. आई म्हणाली, 'करताय तर म्हशीचं पण सांगा, दोन वर्षं झाली गाभण जात न्हाई.' त्यांनी खरोखर म्हशीचं नाव घेऊन सांगितलं. (म्हैस अजून तशीच आहे.)

पण मी लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. त्या काकांची नोकरी महसुलात झालेली. आमच्या वनहक्काच्या दाव्याची फाईल मी त्यांच्यापुढं टाकली. २००६ चा कायदा आदिवासींना एक निकष लावतो आणि आमच्यासारख्यांना दुसरा : तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं आम्ही तिथं राहतो याचा पुरावा द्यावा लागतो. आमच्या आज्ज्याचा कागद कुठला? काकांनी कंदिलाच्या उजेडात बसून एकेक पान वाचलं आणि काय काय पुरावा चालतो ते लिहून दिलं. कागद नसला तर गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब चालतात, जुनी थडगी, विहीर, देवस्थान यांचा पंचनामा चालतो. दावा अजून लटकलाय. तरी यादी कामाची आहे, शेजारच्या वाड्यानं पण उतरून घेतली.

आलापी

आम्ही तरुण संघातले. गिटार नेली होती, गाणी मोबाईलमध्ये. वर रेंज नाही, गाणी उघडेनात. तिथल्या आज्जींनी भाकरी थापता थापता टाळावरची जुनी भजनं सुरू केली, एकामागून एक, सगळी कडवी तोंडपाठ. आम्ही नुसता टाळ धरला. गिटार भिजू नये म्हणून कुणीतरी कणगीमागं ठेवली होती. तीच परत आली तेवढं बरं, येताना तिच्यात तांदूळ वाजत होते.

पाळकबाई

गाव सांगत नाही. त्या खोऱ्यात ख्रिस्ती घर एकच. तिथले आजोबा लहानपणी कोडोलीला शिकलेले, घरच्यांना अक्षरओळख त्यांनीच केलेली. डोंगरात गेलं की आमच्याकडं बायबलातलं डोंगरांकडं डोळे लावण्याचं स्तोत्र एकशे एकवीसच वाचलं जातं, जणू दंडक आहे. आमच्या पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं तसे आजोबा म्हणाले, 'दरवर्षी येणारा डोंगराचंच वाचतो. डोंगर मी रोज बघतो. ईयोब काढा.'

ईयोब, म्हणजे बायबलातलं दुःख सोसणाऱ्या माणसाचं पुस्तक, वाचला. मग त्यांनी पोरांना बाहेर पाठवलं आणि विचारलं, 'साहेब, मला ठेवणार कुठं?'

शहरातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याकडं दफनभूमी आहे. त्या गावात स्मशान आहे ते दहनाचं, नदीकाठी. लिंगायत समाजाची दफनाची जागा वेगळी, त्यांच्या ताब्यातली. एकट्या ख्रिस्ती घराला जागा कोण देणार? आजोबांची बायको वारली तेव्हा पावसाळा होता, खाली यायला वाट नव्हती. तिला शेताच्या बांधाला फणसाखाली ठेवलं. आता भावाभावांत वाटणी निघालीय आणि फणस थोरल्याच्या हिश्श्यात गेलाय. थोरल्याचं म्हणणं, रानात आणखी एक थडगं झालं तर उद्या जमीन घेणार कोण? तोही काही वाईट माणूस नाही. त्याची पोरगी लग्नाची आहे.

साहेबांनी प्रार्थना केली. पण प्रार्थनेनं हा प्रश्न मिटल्यासारखं कुणालाच वाटलं नाही, आजोबांना तर नाहीच. त्यांनी सरळ विचारलं, 'अर्ज कुणाकडं करायचा?' दुसऱ्या दिवशी आम्ही पुढचं गाव रद्द केलं आणि सरपंचांकडं गेलो. गायरानातून दोन गुंठे मागायचे, आधी ग्रामसभेचा ठराव, मग तहसीलदारांकडं प्रस्ताव. सरपंच म्हणाले, 'एका घरासाठी कोण ठराव करतंय?' तेव्हा शेजारचे जंगम मास्तर बरोबर आले होते, ते म्हणाले, 'मी सूचक होतो.' ठराव ग्रामसभेपुढं आला, एकदा कोरमअभावी सभाच तहकूब झाली, नंतर पास झाला. प्रस्ताव आता तालुक्याला आहे. आजोबा निरोप धाडतात : 'मी थांबलोय, कागदाला घाई करायला सांगा.'

कागदवाला

पाळकबाईंच्या लिखाणाला जोड. 'एकच ख्रिस्ती घर' असं आपण मोजतो, पण मोजणीबाहेरची घरं असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला आजही बाहेर. आमच्या आज्ज्यानं बाप्तिस्मा घेतला, जातीचा कागद तसाच राहिला. माझं शिक्षण त्या कागदावर झालं. भेटीला येणारे उत्साहानं विचारतात, 'चर्चच्या यादीत नाव का नाही?' असं चारचौघांत विचारू नका.

कसबा बावडा

आम्हाला एका गावात पारावर अडवलं. 'धर्म बदलायला आलाय काय?' पाच-सहा पोरं, एक जण व्हिडिओ काढतोय. आमच्यातला एक घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलम सांगायला लागला. कलम बरोबरच आहे, पण पारावर ते भांडणासारखं वाजतं. ज्यांच्या घरी चाललो होतो त्या मावशीच डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या आणि पोरांना म्हणाल्या, 'माझं पाव्हणं हाईत. तुझ्या आईला दवाखान्यात कुणी न्हेलं हुतं रं?' वाट मोकळी झाली.

तेव्हापासून आम्ही पोलीस पाटलांना आधी कळवतो. बोलावलेल्या घरीच जातो. वाटपाची एकही वस्तू गाडीत ठेवत नाही, पोरांसाठी चॉकलेटसुद्धा नाही. काहींना हे फार ताठर वाटतं. वाटू दे. हातात पिशवी असली की गावाला आपलं येणं सौदा वाटतो आणि त्या शंकेचा त्रास आपल्याला नाही, मागं राहणाऱ्या मावशीला होतो.

चंदगडची

सगळे जाणारे लिहितायत. मी त्या घरातली आहे जिथं तुम्ही येता. सध्या नोकरीला कोल्हापुरात, राजारामपुरीत खोलीवर राहते.

भेट आली की आमच्याकडं काय होतं ते सांगते. निरोप आदल्या दिवशी येतो. आई घर सारवते, भावाला दुधासाठी दोन घरं पळवते, कारण आमची गाय आटलेली असते. 'आठ जण' असा निरोप असतो, उतरतात चौदा. कप शेजारचे. तुम्ही 'काही करू नका, आम्ही डबा आणलाय' म्हणता ते आईला लागतं, हे तुम्हाला कळतच नाही. घरावरनं पाव्हणं उपाशी गेलं असं ती वर्षभर बोलत राहते. आणि कोंबडं कापलं तर चार दिवसांनी अंड्यांचा हिशेब माझ्याकडं येतो.

तरी ती वाट बघते, हेही खरं. एका वर्षी पाळकबाई एकट्याच मुक्कामाला राहिल्या. रात्री दोघी काजू फोडत बसल्या होत्या. चिकानं बोटं जळू नयेत म्हणून आई त्यांच्या हाताला राख चोळत होती आणि बाबांच्या पिण्याबद्दल बोलत होती. ते ती आमच्याशी कधी बोललेली नाही. मी पांघरुणातून ऐकत होते. पाळकबाईंनी एकही वचन सांगितलं नाही, फक्त 'मग?' 'पुढं?' एवढंच विचारत होत्या.

यंदा येणार असाल तर दोघी-तिघीच या, आठवडाभर आधी कळवा आणि रात्र काढायच्या तयारीनं या. पांघरुणं आहेत. चहापावडर आणि साखर आणलीत तर आईच्या हातात देऊ नका, माझ्याकडं द्या, मी शनिवारच्या एसटीनं घेऊन जाईन. कोंबडं मात्र ती कापणारच, त्यावर वाद घालू नका.