घरच्या बॅकअपला नॅस कशाला? दोन साध्या हार्ड डिस्क पुरे

सांजवारा

घरच्या फोटोंचा बॅकअप कसा ठेवू, असं कुणी विचारलं की हल्ली पहिलं उत्तर येतं, 'नॅस घे.' म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, चोवीस तास चालू असलेली डिस्कची पेटी. मग रेड आलं (तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची रचना), यूपीएस आला, राउटरची सेटिंग आली. बहुतेक घरांना यातलं काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे असतं काय? लग्नाचे, मुंजीचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, खरेदीखत आणि आयकराच्या कागदांचे स्कॅन. दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक्सफॅट या फाइल-रचनेत फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतील. आत साधे फोल्डर: '2019', त्यात '2019-05-12 मुंज'. खास सॉफ्टवेअर नको, भलीमोठी झिप फाइल नको. एक डिस्क कपाटात, दुसरी परगावी बहिणीकडे. दिवाळीत आणि मे महिन्यात अदलाबदल.

मी नसेन तेव्हा माझ्या सासूबाईंना ती डिस्क लॅपटॉपला लावून फोटो बघता आले पाहिजेत. नॅसचा पासवर्ड आणि रेडची रचना घरात एकालाच ठाऊक असेल, तर तो डेटा त्या माणसाबरोबरच जातो. शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

निळा_बगळा

पूर्ण असहमत. दिवाळी ते मे म्हणजे सहा महिने. तेवढ्यात फोन लोकलमध्ये मारला गेला तर बाळाचं पहिलं पाऊल कुठून आणणार? माणूस विसरतो, आजारी पडतो, कंटाळा करतो. नॅस रात्री आपोआप कॉपी करतं.

रेडबद्दल बरोबर बोललात, पण नॅस म्हणजे फक्त रेड नाही. स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक वेळी फाइली जशा होत्या तशी नोंद, चालू ठेवले तर पुसलेली फाइल आधीच्या तारखेवरून परत मिळते. झेडएफएस, बीटीआरएफएस या नॅसवरच्या फाइल-रचना प्रत्येक तुकड्याचा चेकसम (डेटा बदलला का ते सांगणारा आकडा) तपासतात, त्यामुळे खराब झालेली फाइल लक्षात येते. तुमच्या एक्सफॅटमध्ये चेकसम तर सोडाच, जर्नलिंगही नाही, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं नाही. कॉपी चालू असताना केबल निघाली तर अख्खी डिस्क वाचता न येण्याची वेळ येऊ शकते.

सांजवारा

फोनचा मुद्दा मान्य. फोनचे फोटो रोज क्लाउडवर जाऊ द्यावेत आणि तिथून डिस्कवर उतरवावेत. पण चोवीस तास चालू असणं हाच तर धोका आहे. जून 2021 मध्ये माय बुक लाइव्ह ही नेटवर्कला जोडलेली घरगुती साठवणीची यंत्रं कुणीतरी दूरवरून रीसेट करून पुसून टाकली. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने (रॅन्समवेअर) क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइली कुलूपबंद करून 0.03 बिटकॉइन मागितले. केबल काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कला कोण हात लावणार?

निळा_बगळा

ती यंत्रं थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली होती. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट यंत्रापर्यंत येण्याची राउटरमधली वाट) बंद ठेवा, अपडेट करत राहा. चोर येतात म्हणून कुणी घर घेणं सोडत नाही.

दगडफूल

दोघं यंत्रावर भांडताय, मी जागेबद्दल बोलतो. मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला गावात पाणी भरलं. अशा वेळी तळमजल्यावरचं नॅस काय आणि शेजारच्या कपाटातली डिस्क काय, दोन्ही पाण्यातच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. त्यातलं 'एक घराबाहेर' आधी करा, बाकीचं सावकाश.

आणि कपाटात ठेवायला एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क, घेऊ नका. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो, त्यातून ती बरीच वापरलेली असेल तर जास्तच. फिरती हार्ड डिस्कच घ्या. आमच्याकडच्या पावसाळ्यात तिला सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवायची.

पाटलीण

आई-बाबा सांगलीला, मी डॅलसला. डिस्कची अदलाबदल कशी करायची? मी क्लाउडचे पैसे भरते. पूर आला तरी फोटो जागेवर.

सांजवारा

पाटलीण, तुमच्यासाठी क्लाउड योग्यच, पण एकट्या क्लाउडवर राहू नका. फोनवरच्या गूगल फोटोज ॲपमधून फोटो पुसला की क्लाउडवरूनही जातो, कचरापेटीत 60 दिवस राहतो आणि मग संपला. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. खातं वापरात नसलं तर डेटा कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये घरच्या कुणाचं तरी नाव आजच टाका. सांगलीला जाल तेव्हा सगळं डाउनलोड करून एक डिस्क आई-बाबांकडे ठेवा. वरच्या मजल्यावर.

निळा_बगळा

आणि बहिणीकडची ती डिस्क चोरीला गेली तर? आधार, पॅन, खरेदीखत, सगळं उघड्यावर.

सांजवारा

तेवढा एकच फोल्डर पासवर्डने बंद करते, आणि तो पासवर्ड बँकेच्या लॉकरमधल्या वहीत लिहिलेला आहे. नवऱ्याला आणि बहिणीला दोघांनाही ते माहीत आहे. अख्खी डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाने बंद करणार नाही. ती मॅकवर सहज उघडत नाही, आणि पासवर्ड विसरल्यावर लागणारी रिकव्हरी की हरवली तर फोटोही गेले. मुंजीचे फोटो चोराने पाहिले तर पाहू देत. ते सासूबाईंना दिसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.