व्हिएतनाम आणि कोरिया चिनी का झाले नाहीत?

निशाचर: व्हिएतनामवर चीनने हजारेक वर्षं राज्य केलं म्हणतात, कोरिया तर अगदी शेजारी. मग दक्षिण चीनमधले कितीतरी समाज हान लोकांत (चीनमधला बहुसंख्य समाज) विरघळले आणि हे दोघं कसे काय टिकले?

भटक्या: दोघांची केस वेगळी आहे रे. चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वूने इ.स.पू. १११ मध्ये नामव्हिएत (आजचा उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिण चीनचा भाग धरून असलेलं राज्य) घेतलं आणि इ.स.पू. १०८ मध्ये कोरियात ठाणी बसवली, पण त्यातलं लेलांग हे ठाणं इ.स. ३१३ मध्ये गोगुर्यो या कोरियन राज्याने घेतलं, विषय संपला. व्हिएतनाम मात्र मधली थोडी वर्षं सोडली तर ९३८ पर्यंत अडकलेलं, मग न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनानीने बाक डांग नदीत टोकदार खांब रोवून, भरतीत शत्रूची जहाजं आत ओढून, ओहोटीला अडकवली. भारी डोकं! पुढे १४०७ ला चीनचं मिंग घराणं परत आलंच, त्यांना ले लोई या व्हिएतनामी बंडखोर नेत्याने वीसेक वर्षांत हाकललं.

चहाबाज: लढायांचं ठीक आहे, पण मला गंमत वाटते ती ही की स्वतंत्र झाल्यावरच यांनी चिनी पद्धती जास्त उचलल्या. कोरियात अधिकारी निवडायची चिनी धर्तीची सरकारी परीक्षा ९५८ ला सुरू, व्हिएतनाममध्ये १०७५ ला, आणि ती तर १९१९ पर्यंत चालली, चीनने १९०५ लाच बंद केलेली!

निशाचर: म्हणजे चीनला खंडणी द्यायची आणि घरी मोकळं राहायचं?

चहाबाज: बऱ्यापैकी. व्हिएतनामी राजे बीजिंगपुढे मांडलिक, घरी सम्राट. कोरियातल्या जोसॉन घराण्याचे राजे मात्र स्वतःला राजाच म्हणवायचे, सम्राटपद थेट १८९७ ला घेतलं.