विमानात सीट मागे केलेली चालते का?

प्रश्न: पुणे–दिल्ली, दोन तासांचं विमान. सीट मागे घेतली तर मागचा चिडेल का?

खिडकीवाला: बटण आहे, तर हक्क आहेच. पण खाणं उरकू द्या. मागे वळून बघा. लॅपटॉप उघडा असेल तर स्क्रीनची वरची कड ट्रेच्या खाचेत अडकते आणि सीट येताच तडकते. बटण दाबून हळूहळू टेका, धाडकन नको.

गुडघेदुखी: दोन रांगांत जेमतेम २८ ते ३१ इंच! दिवसा एवढ्याशा प्रवासात कशाला?

आइलवाली: शेवटची आणि इमर्जन्सी दाराच्या पुढची रांग बहुधा मागे जातच नाही; शेवटच्या रांगेमागे भिंत असते, आणि दारापाशी वाट मोकळी राहावी म्हणून. टेकऑफ-लँडिंगला सीट सरळच. मागून गुडघे रेटले तर क्रूला बोलवा.