बी.ए. नाट्यशास्त्र: लोककला कुठल्या सत्रात ठेवावी?

प्रश्न
परभणीकडचं महाविद्यालय, तीस विद्यार्थी, सहा सत्रं, हॉल एकच. सध्याचा क्रम: भरतमुनींचं नाट्यशास्त्र, ग्रीक नाटक, संगीत नाटक. गोंधळ-भारूड शेवटच्या सत्रात, तेही लेखी. हे बदलायचंय, पण प्रात्यक्षिक वाढवलं की तास पुरत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

रंगपीठ
लोककला पहिल्याच सत्रात आणा, प्रात्यक्षिक म्हणून. पोरं गोंधळ, भारूड बघत वाढलेली असतात, ताल अंगात असतो. सोंग घेणं, आख्यान लावणं, समोरच्याशी थेट बोलणं तिथून शिकली की पुढं भरताचा पूर्वरंग, म्हणजे नाटकाआधीचे विधी, परका वाटत नाही. आधी भरत घेतला की नुसतं पाठांतर होतं. दुसऱ्या सत्रात तमाशा आणि आंबेडकरी जलसा (आंबेडकरी विचार सांगणारा गाण्या-संवादांचा प्रयोग) शेजारी-शेजारी ठेवा. चौकट तीच ठेवून जलशानं आशय कसा पालटला ते करून बघू द्या.

तासांचं म्हणाल तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास. दोन श्रेयांक म्हणजे १५ आठवडे, आठवड्याला ४ तास. त्याचे ४८ मिनिटांचे तुकडे करू नका, अंग मोकळं होतंय तोवर घंटा वाजते. सलग दोन तास, दोन दिवस, आणि सकाळीच. संध्याकाळच्या तालमीतून मुलींना शेवटच्या एसटीसाठी उठावं लागतं, मग त्यांच्या वाट्याला छोट्या भूमिका येतात. हे वेळापत्रकातच टाळता येतं.

संबळ
कलावंत श्रावण-भाद्रपदात बोलवा. नवरात्रात गोंधळी मोकळे नसतात, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मानधन एका व्याख्यात्याचं मंजूर करून भागत नाही. संबळ, तुणतुणं, दिवटी (मशाल) सांभाळणारे मिळून तिघं-चौघं येतात. पावसाळी हवेत हलगीचं कातडं ढिलं पडतं, ती शेकायला बाहेर जागा ठेवा.

पडद्यामागं
वर्षाला एकच मोठं नाटक बसवलं तर दहा नट आणि वीस बघे. त्यापेक्षा अर्ध्या तासाच्या तीन एकांकिका, प्रत्येकीत दहाजण. नट, प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा ही कामं सत्रागणिक फिरवा आणि गुण कामाच्या रोजच्या नोंदवहीवरही द्या.

प्रकाशयोजनेचा पहिला धडा विजेच्या भाराचा. २३० व्होल्टला १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३४५० वॅट, म्हणजे १००० वॅटचे तीनच दिवे. ६ अँपिअरवर एकच. चौथा जोडला की प्रयोगातच अंधार.

प्रश्नकर्ता
आभार. संवाद प्रमाण मराठीत घ्यावेत का?

रंगपीठ
पहिलं सत्र घरच्या बोलीत, दखनी (दख्खनची उर्दू बोली) बोलणाऱ्यांना दखनीत. प्रमाण उच्चार तिसऱ्या सत्रापासून. आधीच दुरुस्त्या सुरू केल्या तर पोरं जपून बोलतात आणि आवाज घशातच राहतो.