डास ओळखायला मदत हवी आहे, जरा लवकर

सांजवारा:
घरात डास फार झालेत. आज एक मारला, पायांवर पांढरे पट्टे आहेत. डेंगीचाच ना? नेटवरचे फोटो बघून सगळे सारखेच वाटतात. काय करू?

बोरूबहाद्दर:
दिवसा चावतात की रात्री? मेलेला डास ठेवलाय का? नुसत्या पट्ट्यांवरून सांगता येत नाही.

गावशीव:
सरळ मच्छरदाणी लावा. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

चष्मेवाला:
@गावशीव, मच्छरदाणी हिवतापाच्या अ‍ॅनोफिलीसला उत्तम, तो रात्री चावतो. डेंगी पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीआधी जास्त. तेव्हा कोण मच्छरदाणीत बसतं?

गावशीव:
तान्ही मुलं आणि आजारी माणसं दिवसाही झोपतात. त्यांना नको का?

सांजवारा:
दिवसाच चावतात, घोट्यापाशी. डास कागदावर ठेवलाय.

बोरूबहाद्दर:
मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन पाठ बघा. वीणेसारख्या वळणदार पांढऱ्या रेषा असतील तर एडिस इजिप्ताय. मधोमध एकच सरळ रेघ असेल तर अल्बोपिक्टस. दोन्ही डेंगी, चिकुनगुनिया पसरवतात. डास चांगला मोठा आणि सोंड खाली वाकलेली असेल तर आर्मिजेरिस असू शकतो, तो मैल्याच्या टाकीत वाढतो. त्याला पाहून लोक उगाच घाबरतात.

जुनीपाने:
हिवतापाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवला. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन त्यावरूनच.

सांजवारा:
वळणदार रेषाच आहेत! आईला कालपासून ताप आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते. त्याचा संबंध असेल का?

चष्मेवाला:
अहो, हे आधी सांगायचं! आजच डॉक्टरांकडे न्या. तापाच्या पहिल्या दिवसांत एनएस१ तपासणीत डेंगी सापडू शकतो. तोवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याचदा गुंतागुंत त्यानंतरच होते. पोटात खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक रुग्णालय गाठा.

गावशीव:
आणि आईंना दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्यांना चावलेला डास पुढे दुसऱ्यांना आजार देतो.

चष्मेवाला:
हे मात्र अगदी बरोबर.

धूरफवारा:
धूर करून घ्या, सगळे मरतील.

बोरूबहाद्दर:
उडणारे मरतील, अळ्यांचं काय? @सांजवारा, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांच्या बशा, कूलर बघा. पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आतून ब्रशने खरवडून घासा, आठवड्यातून एकदा तरी.

सांजवारा:
फ्रिजच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळताहेत. भाऊ घासतोय, मी आईला घेऊन निघते.