भाकऱ्या थापल्यावर उष्टं कमी झालं
पर्यावरणपूरक कॉलेजात सामूहिक जेवण, कला, भटकंती हवीच कशाला, असं कुणी विचारतं. हवीच! आमच्या बडोद्यात विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० साली सुरू झाली; तिच्या जत्रेत विद्यार्थी-शिक्षकांनी मिळून केलेली खेळणी विकली जायची. आम्ही मेसमध्ये महिन्यातून एकदा सगळ्यांनी भाकऱ्या थापायला सुरुवात केली. उष्टं ज्याचं त्यानेच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं. दुसऱ्याच खेपेला उष्ट्याची बादली अर्धीही भरली नाही! पीठ मळून मनगटं दुखली की भाकरी टाकवत नाही हो. फिरायला १८७९ची कमाटीबाग (सयाजीबाग) ही मोठी बाग आहेच. मुलांना विश्वामित्री नदीतल्या मगरीही दाखवा, पण पुलावरूनच. काठावर अजिबात उतरू देऊ नका.